टाकी लावलेल्या पायऱ्या

बातमी व्हॉट्सॲपवर आली. निवृत्त शिक्षकांच्या ज्या गटात रोज सकाळी कोणीतरी गुलाबाची फुलं पाठवतं, त्याच गटात, गुलाबाच्या बरोब्बर खाली, ‘श्रीमती कुमुद मोकल मॅडम यांचे आज सकाळी दुःखद निधन’ अशी ओळ आली. मी स्वयंपाकघरात वाल सोलत बसले होते. हात पुसून पुन्हा वाचली. तोवर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द पहिल्यांदा कोणीतरी टाइप केले असतील, बाकीच्यांनी ते उचलून पुढे चिकटवले. कारण पहिला माणूस ‘श्रद्धांजली’वरचा अनुस्वार विसरला होता आणि तो शेवटपर्यंत कोणालाही सापडला नाही. पोरांच्या वह्यांतल्या अनुस्वारांवर लाल शाई ओतण्यात या मंडळींची हयात गेली. मीसुद्धा तीच ओळ उचलली, चिकटवली आणि पुन्हा वाल सोलायला लागले. कुमुदबरोबर मी अकरा वर्षं एका शाळेत काढली होती... आणि माझ्याकडून तिला गेलं ते हे. दुसऱ्याचं, उष्टं, अनुस्वाराविना.

कुमुद बदली होऊन आमच्या शाळेत आली तेव्हा मी तिला, सरळ सांगायचं तर, तुच्छ लेखलं. जित्याच्या स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगाला गेलं की आमची शाळा. चार खोल्या, एक व्हरांडा, पुढे भातशेती आणि त्याच्यापलीकडे मिठागरं. मी पेणची. माहेर पेण, सासर पेण, घरात पुस्तकांचं कपाट, आणि बोलणं असं की पुण्याच्या पाहुण्यांनीही चूक काढू नये. ती मिठागरावर राबणाऱ्या माणसाची मुलगी, लग्न करून रोह्याजवळ वरशाला गेलेली. सकाळच्या गाडीला ती रोह्याला बसायची, मी पेणला चढायची. पहिल्याच दिवशी तिने सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, “बस गो.” पहिल्या भेटीत ‘गो’. ‘नाही’ला ‘नाय’ म्हणणारी बाई मुलांना काय भाषा शिकवणार, असं मी मुख्याध्यापकांपाशी बोलले, तेही तिला ऐकू जाईल इतपत आवाजात. तिने ऐकलं होतं. मधल्या सुट्टीत तिने डब्यातला सुका जवळा माझ्यापुढे सरकवला आणि “खाशील ना?” एवढंच विचारलं. मी डोकं दुखत असल्याचं सांगितलं.

तिच्याकडे चौथीचा वर्ग होता, माझ्याकडे दुसरीचा. चौथीला परिसर अभ्यासात घर्षणाचा भाग शिकवायचा असतो. आम्ही बाकीचे शिक्षक तो एका तासात उरकायचो. फळ्यावर व्याख्या लिहायची, मुलांकडून तीनदा म्हणून घ्यायची, फायदे दोन, तोटे दोन, पुढचं पान. वर्गातून कोरसमध्ये आवाज यायचा, ‘दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले असता गतीला होणारा विरोध म्हणजे घर्षण’. ‘पृष्ठभाग’ म्हणजे काय हे त्यातल्या एकाही पोराला ठाऊक नसायचं आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. कुमुदने त्या एका पानावर दोन आठवडे घालवले. पहिल्या दिवशी ती माझ्या डब्याच्या पिशवीतली लोणच्याची बरणी मागून घेऊन गेली. पोरांच्या तळहाताला गोडेतेल चोपडलं आणि एकेकाला झाकण उघडायला लावलं. वर्गातली सगळ्यात दांडगी मुलगीसुद्धा हरली. मग राखेने हात चोळून तीच मुलगी आली आणि झाकण एका झटक्यात निघालं. दुसऱ्या दिवशी आगपेटीची घासलेली कड आणि कोरी कड. तिसऱ्या दिवशी सायकलचे ब्रेक, कोरडे आणि पाणी ओतलेले. बरणी मला तेलकट होऊन परत मिळाली. मी ती दोनदा साबणाने धुतली आणि धुताना काय पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुस्तकात घर्षण म्हणजे विरोध, एवढंच होतं. तिला ते पटत नसे. एकदा मी तिच्या दारावरून जाताना थांबले, चेष्टेला काही मिळतंय का ते बघायला. ती पोरांना विचारत होती, खाडीच्या चिखलातून तुमचे आजोबा डोक्यावर ओझं घेऊन जातात, ते पडत का नाहीत? एक मुलगी उठून म्हणाली की आजोबा अंगठा रोवून चालतात. मग सगळा वर्ग बाहेर, शेताच्या बांधावर, अंगठे रोवून चालायला. मुख्याध्यापक खिडकीतून बघून हसले, मीही हसले. आमच्या शाळेत हसण्याचं एवढं एकच सामायिक निमित्त होतं.

त्याच आठवड्यात तिने पोरांना सांगितलं होतं, घरातली अशी वस्तू शोधून काढा जी गुळगुळीत झाली म्हणून काम देत नाही. बहुतेकांनी झिजलेल्या चपला सांगितल्या. एक मुलगी म्हणाली, “बाई, आमचा पाटा वाटीत नाय. आय म्हनते टाकी लावाया पायजे.” कुमुदला जणू पुरस्कार मिळाला. पेणच्या बाजारात एक पारूबाई बसायची, छिन्नी-हातोडीने पाट्या-वरवंट्यांना टाके घालून ते खरबरीत करून द्यायची. मिक्सर आल्यापासून तिला कुत्रं विचारत नव्हतं. कुमुदने तिला आणलं. त्या मुलीच्या अंगणात अख्खा वर्ग गोल बसला. आधी गुळगुळीत पाट्यावर ओलं खोबरं वाटून बघितलं, मग टाकी लावल्यावर तेवढंच खोबरं तेवढ्याच हातांनी. पोरांनी मोठ्याने आकडे मोजून दोन्हींचा वेळ धरला. शाळेत परत आल्यावर मी सगळ्यांदेखत विचारलं, “आज चटणीचा तास होता वाटतं?” ती म्हणाली, “व्हय, ये चाखायला.” आणि खरंच पळसाच्या पानात बांधून आणलेली चटणी तिने माझ्यापुढे ठेवली. तिचा अपमान करणं किती कठीण होतं, हे तिच्याशी वाईट वागलेल्या माणसालाच कळेल.

कुमुद येऊन दहा वर्षं झाली तेव्हा शाळेला देणगीदार मिळाला. त्याचं नाव इथे लिहून त्याला आणखी एक पाटी मिळवून देण्याची माझी इच्छा नाही. खाडीकडे जमिनी घेतलेला माणूस. त्याने व्हरांडा नव्याने बांधून दिला. चेहरा दिसेल अशा चकचकीत फरशा, पुढे काळ्या ग्रॅनाइटच्या पाच पायऱ्या आणि भिंतीत स्वतःच्या नावाचा संगमरवर. आधीच्या पायऱ्या ओबडधोबड दगडाच्या होत्या, त्या फोडून भरावात टाकल्या. काम सुरू होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुमुद उभी राहिली. पावसात पोरं चिखलाच्या पायांनी येतात, चपला बाहेर काढतात, ओल्या तळव्याला हा दगड धरणार नाही, साधी खरबरीत लादी बसवा, असं ती म्हणाली. अध्यक्षांनी शेजारच्या माणसाकडे बघून डोळा मिचकावला. मुख्याध्यापक म्हणाले, “मोकल बाई, तुमचं घर्षण पुस्तकात ठेवा.” सगळे हसले. कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहिते... सर्वांत मोठ्याने मी हसले. विज्ञान शिकवायला सरकारने नेमलेली आम्ही माणसं. विज्ञान दारात येऊन उभं राहिलं तेव्हा आम्ही त्याला हसून परत पाठवलं.

उद्घाटनाला पोरांना तीन तास उन्हात उभं केलं, देणगीदाराने पायरीवर उभं राहून फोटो काढले. नंतर पावसाळा लागला. पोरं घसरायला लागली. मुख्याध्यापकांनी उपाय म्हणून ‘हळू चाला’ अशी पाटी लावली. पहिलीच्या ज्या पोरांना पाटी वाचता येत नव्हती ती पहिल्यासारखीच पडत राहिली. कुमुदने मिठाच्या रिकाम्या गोणी आणून पायऱ्यांवर अंथरल्या, त्या मुख्याध्यापकांनी काढून टाकल्या, कारण देणगीदाराचा माणूस फोटो घ्यायला येणार होता. त्याच दिवशी माझ्या वर्गातली आरोही, सात वर्षांची, वरच्या पायरीवरून गेली ती सरळ खालच्या पायरीच्या कडेवर. उजवा हात कोपरात मोडला. व्हरांड्यावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. मी आत चहा पीत होते. आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा कुमुद पायरीवर बसली होती, पोर तिच्या मांडीवर होती आणि लाकडी पट्टी हाताला लावून ती स्वतःची ओढणी फाडून बांधत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची गाठ मारली. आरोहीच्या आईला मुख्याध्यापकांनी सांगितलं की तुमची मुलगी धावत होती. ती धावत नव्हती. तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मुख्याध्यापक रजेवर गेले आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. दुपारी कुमुद माझ्या टेबलाशी आली. उद्या शाळा सुटल्यावर पारूबाईला आणते, पायऱ्यांच्या कडेला टाकी लावून घेते, तुझी परवानगी हवी, असं तिने स्पष्ट विचारलं. मी विचारलं की देणगीदार काय म्हणेल. ती म्हणाली, “तो काय म्हनंल ते म्हनंल. आरोहीचा हात तू बघितलायस ना गो?” मी म्हणाले, “कर. मी आहे.” हे तीन शब्द मी नक्की म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांची कितीतरी वेगळी भाषांतरं स्वतःला ऐकवून पाहिली, पण ते तसेच राहिले.

शनिवारी पारूबाई आली. चौथीची पोरं घरी जायला तयार नव्हती, मग कुमुदने त्याचाच धडा केला. मासे तोलायचा हुकाचा काटा कोणीतरी घरून आणला होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीट त्या काट्याला अडकवून मुलींनी ओल्या पायरीवरून ओढली. काटा जेमतेम हलला. मग पारूबाईने पायरीच्या कडेला चार बोटं रुंदीचा पट्टा टाचून काढला. ग्रॅनाइट पाट्याहून हट्टी, तिच्या कपाळावरून घाम टपकत होता. पुन्हा पाणी टाकलं, पुन्हा वीट ओढली, आणि काटा असा खाली गेला की ओढणारी मुलगी वळून बघायला लागली की मागून कोणी वीट धरलीय का. पोरं आळीपाळीने ओल्या पायांनी त्या पट्ट्यावर उभी राहिली. संध्याकाळपर्यंत पाचही पायऱ्या झाल्या. मीसुद्धा चपला काढून उभी राहून पाहिलं. पाय धरला जात होता.

देणगीदार पंधरा दिवसांनी आला आणि पायऱ्या बघून त्याचं तोंड काळं-निळं पडलं. आरोहीच्या हाताबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. मोडलेल्या हाताची तक्रार कुणी केली नव्हती, टाचलेल्या दगडाची तक्रार मात्र वरपर्यंत गेली. शाळेच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण. चौकशीला एक अधिकारी आले, पायऱ्यांवरून सावकाश चढले, घसरले नाहीत, आणि न घसरता आत येऊन पायऱ्या खराब झाल्याचा शेरा लिहिला. मग त्यांनी मला आत बोलावलं. त्या दिवशी प्रभारी तुम्ही होता, तुम्ही परवानगी दिली होती का? मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. मला पेणमधल्या शाळेत बदली हवी होती आणि माझा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर होता. मी कागद ओढला आणि लिहिलं, ‘सदर काम श्रीमती मोकल यांनी मला न विचारता, परस्पर केले आहे.’ खाली सही, तारीख. कुणी दम दिला नाही, कुणी हात पिरगाळला नाही. लाचार व्हायला काही माणसांना निमित्तही लागत नाही.

कुमुदची बदली रोह्यापलीकडच्या डोंगरातल्या दोन शिक्षकांच्या शाळेत झाली. एसटीतून उतरलं की तासभर चालत जायचं. निवेदनाची प्रत तिला मिळालीच होती. शेवटच्या दिवशी जित्याच्या फलाटावर आम्ही दोघी उभ्या होतो. मी तयारी करून ठेवली होती... दबाव होता, मुलांची शिक्षणं आहेत, वगैरे. तिने बोलूच दिलं नाही. “कागद वाचला,” ती म्हणाली. “अक्षर सुरेख हाय तुझं.” गाडी आली. ती रोह्याकडे जाणारी होती, मला पेणला उतरायचं होतं, म्हणजे गाडी एकच. मी मुद्दाम दुसऱ्या डब्यात चढले.

आता पुढचा तमाशा ऐका. पायऱ्या पुन्हा चकचकीत करायला माणूस आणला, तो म्हणाला की दगड काढल्याशिवाय काही होणार नाही. देणगीदाराचा उत्साह तोवर दुसऱ्या गावाकडे वळला होता. पायऱ्या तशाच राहिल्या आणि त्यांच्यावरून त्यानंतर एकही पोर पडलं नाही. काही वर्षांनी कोणत्यातरी तपासणीत ‘विद्यार्थी सुरक्षेसाठी कल्पक रचना’ म्हणून शाळेचं कौतुक झालं. प्रशस्तिपत्र मुख्याध्यापकांनी घेतलं, पायरीवर उभे राहून, देणगीदार उभा राहिला होता त्याच जागी. मी तेव्हा पेणच्या शाळेत सुखाने व्याख्या पाठ करून घेत होते.

पेणच्या सभागृहात शोकसभा झाली. ज्या साहेबांनी विद्रूपीकरणाचा शेरा लिहिला होता ते आता निवृत्त होऊन अशा सभांचे कायमचे अध्यक्ष झाले आहेत. ते म्हणाले, मोकल बाई म्हणजे नवोपक्रमशील शिक्षिका, त्यांच्या पायऱ्यांचा प्रयोग आम्ही नेहमीच उचलून धरला. त्यांचा आवाज भरून आला. माणूस खोटं बोलताना रडू शकतो, हे मला नवं नव्हतं. नंतर मुख्याध्यापक बोलले. त्यांनी तिच्या ‘घर्षणाच्या अनोख्या पाठा’ची आठवण सांगितली, जसे काही ते बांधावर अंगठे रोवून चालले होते. मग माझं नाव पुकारलं. माइकपाशी जाईपर्यंत मी ठरवलं होतं की आज सांगायचं. समोर दोनशे खुर्च्या, मागे चहाच्या किटल्यांचा आवाज. मी तीन मिनिटं बोलले. मनमिळाऊ, हसतमुख, विद्यार्थिप्रिय. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला न कळल्याने थोड्या वाजल्या. खाली येताना साहेबांनी मान डोलावली, आपल्यातल्याच कोणाला बघून माणूस डोलावतो तशी. या लेखाला कारण ती डोलावलेली मान आहे. ते कोण होते हे मी इतकी वर्षं जाणून होते, मी त्यांच्यातली होते हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं.

गेल्या रविवारी मी वरशाला गेले. तिच्या घरी मी आयुष्यात पहिल्यांदाच जात होते. दार उघडंच होतं. तिचे यजमान, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, पूर्वी रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचे. निवृत्तीनंतर त्यांचं डावं अंग लुळं पडलं, हे मला ठाऊकच नव्हतं. कॉटवर बसले होते. नागोठण्याला दिलेली मुलगी सकाळी येऊन जेवण करून ठेवते, बाकी दिवसभर एकटे. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “वैजूबाई ना? कुमुद सांगायची, पायऱ्यांना परवानगी तुम्ही दिलीत म्हनून.”

मी सांगितलं की नंतर मी नाही असं लिहून दिलं होतं. त्यांनी मान हलवली. “तो कागद पन हाय कपाटात. दोन्ही सांगितलं तिनं.” त्यापुढे त्यांनी काही जोडलं नाही, ना माफीचं, ना रागाचं. मला दोन्हीपैकी काहीतरी हवं होतं, म्हणजे ते उराशी धरून घरी जाता आलं असतं.

मग ते उठले. कॉटपासून न्हाणीपर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर एक काथ्याचा दोर खिळ्यांनी ताणून बांधलेला होता आणि त्याला वीतभर अंतरावर गाठी होत्या. कुमुदने बांधलेल्या. न्हाणीच्या उंबऱ्याशी काथ्याची चटई खिळलेली. भाऊ उजवा हात एका गाठीवरून पुढच्या गाठीवर नेत चालले, गाठ मुठीत बसली की थांबायचे, मग पाऊल. अर्ध्या वाटेवर त्यांचा हात घसरला आणि ते भिंतीला टेकले. तिथल्या दोन गाठी सैल होऊन सुटायला आल्या होत्या. मी विचारलं, हे कोण नीट करतं? ते म्हणाले की दर महिन्याला तीच आवळायची, आता महिना उलटून गेला.

कोनाड्यात दोराचं भेंडोळं होतं. मी भाऊंना खुर्चीवर बसवलं आणि जुना तुकडा सोडवायला घेतला. काथ्याने बोटं सोलवटली. आयुष्यभर मी खडू आणि लाल पेनाखेरीज काही हातात धरलेलं नाही. दोर ताणला, तिच्या गाठी बघून बघून तशाच मारल्या, खिळ्यांना वेढे दिले. भाऊ उठले. पहिल्या गाठीला हात घातला, तिला मुठीत धरून सगळं वजन टाकून पाहिलं. गाठ सरकली.

“ही ऱ्हानार नाय,” ते म्हणाले. “परत बांधा.”

मी परत बांधली.